मूल सांगेल, पण ऐकणारा तयार आहे का? सीमाभागातील बालसंरक्षण अभियानांविषयी

मलप्रभाकाठ

नमस्कार. मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. नोव्हेंबर आला की बालदिन आणि ग्रामपंचायतीची मक्कळ ग्रामसभा (म्हणजे मुलांची ग्रामसभा) यांच्या निमित्ताने आमच्या भागात बाललैंगिक शोषणाविरुद्ध जनजागृतीचे कार्यक्रम होतात. प्रभातफेरी निघते, पाहुणे येऊन चांगला आणि वाईट स्पर्श समजावतात, १०९८ हा बालकांसाठीच्या मदतसेवेचा क्रमांक मुलांकडून एका सुरात म्हणून घेतला जातो, आणि दुपारपर्यंत कार्यक्रम आटोपतो. या कार्यक्रमांचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. पोक्सो कायदा, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला, त्याआधी हा विषय शाळेच्या आवारात उच्चारणेसुद्धा अवघड होते. आज चौथीतली मुलगी आपल्या शरीरावर आपला हक्क आहे असे न लाजता म्हणते, हे याच कार्यक्रमांचे फळ आहे.

तरीही एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. आपली जवळजवळ सगळी अभियाने मुलाशी बोलतात. घाबरू नकोस, ओरड, पळ, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांग, असे आपण त्याला शिकवतो. पण ते विश्वासातले मोठे माणूस, म्हणजे आई, आजी, आत्या, वर्गशिक्षक, अंगणवाडीच्या ताई, शेजारची काकू, यांना त्या क्षणी काय करायचे हे कोणी शिकवले आहे का? सावध राहण्याचा सगळा भार आपण आठ-नऊ वर्षांच्या लेकरावर टाकतो आणि मोठ्यांना श्रोते म्हणून मागच्या खुर्च्यांवर बसवतो, हे मला न्यायाचे वाटत नाही.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालकांवरील अत्याचारांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला होता. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या त्या अभ्यासात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला होता, आणि बहुतेकांनी तोवर तो कोणालाही सांगितलेला नव्हता. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा त्याचा ज्यांच्यावर भरवसा आहे असे होते. हे वाचल्यावर अनोळखी माणसापासून सावध राहा एवढेच शिकवणारे फलक किती अपुरे आहेत ते कळते. घरातल्याच माणसाविषयी सांगायचे असेल तर मुलाला जे धैर्य लागते, त्याच्या दुप्पट धैर्य ऐकणाऱ्याला लागते.

आपल्या भागात यात आणखी एक पदर आहे. मूल घरी मराठी बोलते, आईला मराठीच वाचता येते, शासनाकडून येणाऱ्या पुस्तिका आणि भित्तिपत्रके बहुतेक कन्नडमध्ये असतात, आणि पोलीस ठाण्यातले कागद कन्नडमध्ये होतात. सीमाप्रश्नाविषयी आपणा सर्वांना आपापली मते आहेत. या धाग्यात ती आणू नयेत अशी माझी विनंती आहे. मला एवढेच विचारायचे आहे की आपापल्या गावात मोठ्यांची तयारी करून घेण्यासाठी कोणी काही केले आहे का, ते मराठीतून कसे केले, आणि मूल बोलल्यानंतरच्या वाटेवर भाषेची अडचण कशी सोडवली. कृपया कोणत्याही मुलाची ओळख पटेल असा तपशील कोणीही लिहू नये.

वखारीचा_रस्ता

बाई, हा विषय काढलात याबद्दल तुमचे आभार. मी निपाणी भागात अंगणवाडी कार्यकर्ती आहे. आमच्याकडच्या पुष्कळ आया तंबाखूच्या वखारीत किंवा घरी विड्या वळायच्या कामात असतात, त्यामुळे दुपारी सभा ठेवली तर कोणी येत नाही आणि रविवारी ठेवली तर धुणीभांडी आडवी येतात. म्हणून आम्ही वेगळी सभा घेण्याचा नाद सोडला आणि स्त्रीशक्ती गटाच्या बैठकीतच हप्त्यांचा हिशेब झाला की अर्धा तास या विषयाला देऊ लागलो. बायका तिथे एकमेकींना ओळखतात, पुरुष नसतात, आणि बोलणे मराठीतच होते.

सुरुवातीला आम्ही कायदा सांगत होतो, तेव्हा बायका माना डोलवायच्या. नंतर आम्ही एक प्रश्न विचारायला लागलो: तुमची मुलगी किंवा मुलगा आत्ता येऊन म्हणाला की अमक्या मामाने मला असे असे केले, तर तुमच्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघेल? खरी उत्तरे ऐकून अंगावर काटा आला. 'तू तिथे गेलीसच कशाला', 'आधी का नाही सांगितलंस', 'बाबांना कळू देऊ नकोस', 'तो असा नाही, तुला काहीतरी वाटलं असेल'. या बायका वाईट नाहीत. भीतीपोटी माणसाच्या तोंडून हेच निघते. पण हे वाक्य ऐकले की मूल मिटते, आणि मग ते वर्षानुवर्षे बोलत नाही.

त्यामुळे आम्ही आता पहिल्या वाक्याचाच सराव करून घेतो. 'तू सांगितलंस ते फार बरं केलंस. यात तुझी काहीच चूक नाही. माझा तुझ्यावर विश्वास आहे. आता पुढचं मी बघते.' दोघी-दोघी समोरासमोर बसून हे बोलतात. पहिल्यांदा बायका पदर तोंडाला लावून हसतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आवाज बदलतो, आणि कधी कधी एखादी रडायला लागते, कारण तिला लहानपणी हे वाक्य कोणी म्हटलेले नसते. अशा वेळी तिला गटासमोर बोलते करू नये, बाजूला बसून तिला वेळ द्यावा, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

आणखी एक सांगते. मुलाला 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये. ते वचन पाळता येत नाही, आणि मोडले की मुलाचा विश्वास पुन्हा तुटतो. त्याऐवजी 'ज्यांना मदत करता येते त्यांनाच सांगेन, गावभर नाही' असे म्हणावे. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये. जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वार घालून त्याच दिवशी लिहून ठेवावे.

कॅम्पातील_वकील

बेळगावच्या न्यायालयात मी वकिली करतो आणि पोक्सोखालील काही खटल्यांत मुलांच्या बाजूने उभा राहिलो आहे. अंगणवाडीच्या ताईंनी जे लिहिले आहे ते कोणत्याही कायदेविषयक शिबिरापेक्षा मोलाचे आहे. मूल बोलल्यानंतरच्या वाटेविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण गैरसमज इथेच सर्वांत जास्त आहेत.

पहिली गोष्ट, कळवणे ऐच्छिक नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे असे ज्याला कळते त्या प्रत्येक व्यक्तीने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि एखाद्या संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. तक्रार नोंदवून न घेणारा पोलीसही याच कलमाच्या कक्षेत येतो. शाळेची बदनामी होईल म्हणून प्रकरण आपसात मिटवू पाहणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकाला आणि शाळा समितीच्या सदस्याला हे माहीत असले पाहिजे. उलट, प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला त्या कळवण्याबद्दल दिवाणी वा फौजदारी दोष लागत नाही, हेही कलम १९ मध्येच लिहिलेले आहे. कळवणाऱ्याने गुन्हा सिद्ध करायचा नसतो; ते काम तपास यंत्रणेचे आहे.

आता भाषेचा प्रश्न. बाई, तुमची चिंता रास्त आहे, पण कायदा इथे आपल्या मुलांच्या बाजूने आहे आणि आपण तो वापरत नाही. मुलाने दिलेली माहिती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत नोंदवावी आणि ती मुलाला न समजणाऱ्या भाषेत नोंदवली जात असेल तर दुभाषा द्यावा, अशी तरतूद कलम १९ मध्येच आहे. जबाब घेताना कलम २६ नुसार आणि न्यायालयात साक्ष होताना कलम ३८ नुसार दुभाष्याची मदत घेता येते. हा हक्क आहे, उपकार नव्हे. म्हणून ठाण्यात गेल्यावर पालकांनी शांतपणे सांगावे की आमच्या मुलाला कन्नड समजत नाही, जबाब दुभाष्याच्या मदतीने घ्या आणि लिहिलेले त्याला मराठीत वाचून दाखवा. वाचून दाखवल्याशिवाय सही करू नये. दुभाषा म्हणून गावातलाच कोणी नेता किंवा आरोपीच्या भावकीतला माणूस बसणार नाही, याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे.

मुलाला ठाण्यात न्यावेच लागते असेही नाही. कलम २४ नुसार जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा आहे, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि तोही गणवेश न घालता. जबाबाच्या वेळी आई-वडील किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे असे माणूस जवळ बसू शकते. मुलाला रात्री कोणत्याही कारणाने ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते, आणि ती समिती मुलाला आणि कुटुंबाला खटला संपेपर्यंत साथ देणारी सहायक व्यक्ती देऊ शकते. अशी मराठी बोलणारी व्यक्ती मिळावी अशी लेखी विनंती समितीकडे करावी.

वैद्यकीय तपासणीसाठी तक्रार नोंदवली जाण्याची वाट पाहू नये. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते, मुलाच्या विश्वासातले माणूस सोबत असावे लागते, आणि तातडीचे उपचार देण्याआधी कोणतेही रुग्णालय पोलिसांचा कागद मागू शकत नाही. घटना ताजी असेल तर मुलाला अंघोळ घालू नये आणि कपडे धुऊ नयेत. ते कागदी पिशवीत ठेवावेत. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते.

तिलारी_घाट

मी चंदगड तालुक्यातला, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूचा. वकीलसाहेबांना एक विचारायचे आहे. आमच्याकडची कितीतरी मुले शिक्षणासाठी, आजोळी, लग्नकार्याला बेळगाव जिल्ह्यात येतात-जातात. घटना एका राज्यात घडली आणि मूल दुसऱ्या राज्यात घरी येऊन बोलले, तर दोन्हीकडची ठाणी एकमेकांकडे बोट दाखवतात. अशा वेळी गरीब माणसाने कुठे जायचे?

कॅम्पातील_वकील

जे ठाणे जवळ असेल तिथे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, मग गुन्हा त्या ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो वा नसो. यालाच शून्य क्रमांकाची फिर्याद म्हणतात. ती नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवणे हे पोलिसांचे काम आहे. पालकांनी राज्याची सीमा ओलांडत हिंडायचे नाही. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती जरूर घ्यावी.

१०९८ विषयीही सांगतो. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि आता राज्य सरकारांच्या यंत्रणेमार्फत चालते. ती रात्रंदिवस चालू असते आणि फोनला पैसे पडत नाहीत. सीमेवरच्या गावांतून फोन करणाऱ्याने प्रथम गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य स्पष्ट सांगावे, आणि मराठीत बोलायचे असल्यास तेही सुरुवातीलाच सांगावे.

जुना_सरपंच

मी वयाने मोठा आहे आणि पंचायतीत पुष्कळ वर्षे काम केले आहे. सर्वांचे वाचले. हेतू चांगला आहे यात शंका नाही. परंतु दोन गोष्टी मनात येतात, त्या स्पष्ट मांडतो. एक, अशा प्रकरणात मुलीचे नाव गावभर होते, पुढे तिचे लग्न जमत नाही, म्हणून जुनी माणसे पंचांसमोर बसून आरोपीला गावाबाहेर काढत आणि विषय संपवत. दुसरे, शेतीच्या किंवा राजकारणाच्या भांडणात हा कायदा हत्यार म्हणून वापरला जाईल, आणि सतरा वर्षांच्या पोरापोरींच्या प्रेमप्रकरणात मुलगा तुरुंगात जाऊन बसतो. अभियान करताना यांचा विचार होतो का?

मलप्रभाकाठ

काका, तुम्ही मनातले स्पष्ट लिहिलेत ते बरे झाले, कारण गावात हेच बोलले जाते आणि सभेत मात्र कोणी बोलत नाही. पंचांसमोर विषय संपतो तो गावाचा. मुलाचा संपत नाही. ज्याला गावाबाहेर काढले तो दुसऱ्या गावात दुसऱ्या मुलांजवळ राहायला जातो, आणि ज्या मुलीला त्रास झाला तिला सगळ्या गावासमोर बसवून विचारले गेल्यामुळे नाव गावभर होते ते पंचायतीमुळेच. कायद्याच्या वाटेने गेल्यास तिचे नाव गुप्त ठेवण्याची सक्ती आहे, सुनावणी बंद दाराआड होते, आणि साक्षीच्या वेळी तिला आरोपीचे तोंडही दिसू नये अशी व्यवस्था न्यायालयाला करावी लागते.

मुलीच्या लग्नाची काळजी मला समजते. पण ज्या गावात आपण अपराध केलेल्याऐवजी लेकराला कलंक लावतो, त्या गावाचे मन बदलणे हेच अभियानाचे काम आहे, आणि ते तुमच्यासारख्या ज्यांचा शब्द गाव ऐकते त्यांनीच करायला हवे.

कॅम्पातील_वकील

सरपंचसाहेबांच्या दुसऱ्या मुद्द्याला उत्तर देतो. बदनामीच्या किंवा पैसे उकळण्याच्या हेतूने खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला कलम २२ खाली शिक्षा आहे; मुलाला मात्र नाही. तेव्हा खोट्या तक्रारीच्या भीतीने खरी तक्रार दाबण्याचे कारण उरत नाही.

किशोरवयीन प्रेमसंबंधांचा प्रश्न खरा आहे आणि न्यायालयांनीही तो मानला आहे. आपल्या भागातील अपिले ज्या धारवाड खंडपीठापुढे जातात, त्याच खंडपीठाने २०२२ मध्ये विधी आयोगाला संमतीच्या वयाचा फेरविचार करण्यास सुचवले होते आणि नववीपासूनच्या विद्यार्थ्यांना या कायद्याची माहिती दिली जावी असेही म्हटले होते. विधी आयोगाने २०२३ मधील २८३ व्या अहवालात वय १८ वरून खाली आणू नये असेच मत दिले, मात्र १६ ते १८ वयोगटातील अशा प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायालयाला तारतम्याने विचार करता यावा असे सुचवले. आज कायदा १८ वर्षांचाच आहे. मुलगे तुरुंगात जाऊ नयेत असे वाटत असेल तर नववी-दहावीच्या मुलांना आणि मुलींना हे आधीच, स्पष्टपणे सांगणे एवढाच मार्ग आहे.

आणि लग्न लावून देणे हा त्यावरचा उपाय नाही. कर्नाटकाने बालविवाह प्रतिबंधक कायद्यात केलेल्या दुरुस्तीमुळे या राज्यात बालविवाह मुळातच रद्दबातल ठरतो, आणि ११ ऑक्टोबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार १८ वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच आहे.

कृष्णाकाठचा_शेतकरी

मी अथणी तालुक्यातला ऊस उत्पादक आहे. इथे शाळा, अंगणवाडी, स्त्रीशक्ती गट यांची चर्चा चालू आहे, पण ज्या मुलांना यांतले काहीच नाही त्यांच्याविषयी लिहितो. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून आणि विजयपूर भागातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि कारखान्याजवळ किंवा आमच्याच शेतांच्या बांधाला कोप्या घालून राहतात. पहाटे अंधारात नवरा-बायको कोयता घेऊन फडात जातात आणि कोपीवर दहा-बारा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळत दिवसभर एकटी असते. कोपीला दार नसते, संडास नसतो, पाण्याला लांब जावे लागते. तिथे ट्रॅक्टरवाले, मुकादमाची माणसे, वाटसरू सगळ्यांची ये-जा असते. काही घडलेच तर आई-वडिलांनी मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे तोंड उघडायची सोय नाही, आणि हंगाम संपला की टोळी निघून जाते.

अशा ठिकाणी फलक लावून काय होणार? आमच्या भागातल्या काही शेतकऱ्यांनी मिळून एवढेच केले की ज्याच्या शेतात टोळी आहे त्याच्या घरातल्या बाईने रोज एकदा कोप्यांकडे चक्कर मारायची, मुलांची नावे माहीत करून घ्यायची, आणि धाकट्या मुलांना जवळच्या अंगणवाडीत पाठवायचे. अंगणवाडीचा आहार परगावच्या मुलांनाही मिळायला हवा, हे आम्हाला बोलून दाखवावे लागले. बीडची मुले मराठी बोलतात आणि इथली अंगणवाडी कन्नड असते, म्हणून सुरुवातीला ती रडून परत येत; मग मराठी येणारी एक मदतनीस त्यांच्याजवळ बसू लागली तेव्हा ती टिकली. कारखान्यांनी टोळ्या बोलावताना मुलांसाठी छत, शौचालय आणि दिवसभर सांभाळणारे माणूस यांची सोय आधी करावी, ही मागणी ऊस उत्पादक म्हणून आपणच सर्वसाधारण सभेत लावून धरली पाहिजे. ऊस आपला आहे, तेव्हा तो तोडणाऱ्याच्या लेकराची जबाबदारी काही अंशी आपली आहे, असे मी मानतो.

वखारीचा_रस्ता

दादा, हे फार महत्त्वाचे लिहिलेत. कोपीवरच्या मुलीला ओळखणारी गावातली एक बाई असणे, हेच खरे संरक्षण आहे.

सौंदत्तीची_वाट

या चर्चेत यल्लम्माच्या नावाने होणाऱ्या प्रकाराचा उल्लेख झाला नाही, म्हणून लिहिते. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ चा, कर्नाटकात १९८२ चा आणि महाराष्ट्रात २००५ चा कायदा झाला. सौंदत्तीच्या डोंगरावर उघडपणे मुली सोडणे बंद झाले, याचे मोठे श्रेय ज्या बायकांनी स्वतः ते भोगले त्यांच्या संघटनेला आहे. बेळगाव जिल्ह्यातील माजी देवदासींना संघटित करणाऱ्या सीतव्वा जोडट्टी यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा कार्यकर्त्यांना फार आनंद झाला, कारण त्या स्वतः बालवयात देवीला वाहिल्या गेलेल्या होत्या.

परंतु उघडपणे बंद झालेली गोष्ट घरच्या घरी, गुपचूप होऊ शकते. मुलीच्या केसांत जट झाली, घरात सतत आजारपण आले, मुलगा होत नाही, अशी कारणे आजही कानावर येतात. केस नीट न विंचरल्याने, तेल-पाणी न मिळाल्याने गुंता होऊन जट होते. ती कापली तर कोणाचा कोप होत नाही, हे घरोघरी जाऊन आणि स्वतःच्या हाताने जट सोडवून दाखवणाऱ्या कार्यकर्त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना झाल्या. गडहिंग्लज, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हे काम झाले आहे. देवीवर श्रद्धा असणाऱ्या घराला देवीविरुद्ध बोललेले चालत नाही, म्हणून आम्ही एवढेच म्हणतो की आईला लेकराचे हाल नको असतात. माघी पौर्णिमेच्या यात्रेला कोल्हापूर-सांगलीकडूनही पुष्कळ भाविक येतात, तेव्हा तिथली पत्रके मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत असणे अत्यावश्यक आहे. आणि ज्या मुलीला शाळेतून अचानक काढले जाते तिची चौकशी शिक्षकांनी त्याच आठवड्यात करावी. आम्हाला उशिरा कळलेल्या बहुतेक बाबतींत पहिली खूण तीच होती.

येळ्ळूरचा_मावळा

आमच्या तरुण मंडळात यावर बोलणे झाले. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत या विषयावर सजीव देखावा करावा असे काहींचे म्हणणे आहे. जाणकारांचे मत काय? दुसरे म्हणजे, सगळी चर्चा मुलींविषयीच होते. आमच्या तालमीत आणि मैदानावर येणारी मुले आहेत, त्यांच्याशी कोण बोलणार? आणि मोबाइलवर जे चालते, त्याचे काय?

मलप्रभाकाठ

दादा, तुमच्या मंडळाचे मनापासून कौतुक. देखाव्यात अत्याचाराचा प्रसंग मात्र उभा करू नका. ज्या मुलाने ते भोगले आहे ते गर्दीत कुठेतरी उभे असते आणि त्याच्यासाठी तो प्रसंग पुन्हा घडतो. शिवाय तो प्रसंग करणारी मुलेही लहानच असतात. त्याऐवजी मूल सांगते आहे आणि आजी, शिक्षक, शेजारी त्याच्या भोवती उभे राहिले आहेत, असे दाखवा. लोकांनी घरी न्यायचे चित्र तेच असावे.

मुलग्यांचे तुम्ही अगदी बरोबर बोललात. मी सुरुवातीला ज्या २००७ च्या अभ्यासाचा उल्लेख केला, त्यात अत्याचार सांगणाऱ्यांपैकी ५२.९४ टक्के मुलगे होते. पोक्सो कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. 'पोरगं आहेस, रडतोस काय' हे वाक्य आपल्या तालमींत आणि घरांत इतके सहज बोलले जाते की मुलगा सांगायला जागाच शोधू शकत नाही. तालमीतल्या वस्तादांनी सर्व मुलांसमोर एकदा जरी म्हटले की कोणी मोठ्याने अंगाशी लगट केली तर मला सांगा, मी तुमच्यावर हसणार नाही, तर त्याचा परिणाम आमच्या तासापेक्षा अधिक होईल. त्याच वेळी मंडळाने स्वतःसाठीही नियम करावा: लहान मुलांना सरावासाठी, सहलीला किंवा स्पर्धेला नेताना कोणीही मोठा माणूस एका मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची वेळोवेळी पोलीस पडताळणी करावी, असे २०२० च्या पोक्सो नियमांतच म्हटलेले आहे.

मोबाइलविषयी वकीलसाहेबांनी लिहावे.

कॅम्पातील_वकील

थोडक्यात लिहितो. मुलांचे अश्लील चित्रण तयार करणे, पाठवणे आणि साठवणे हे सगळे गुन्हे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात असे साहित्य जवळ बाळगणेही पोक्सोच्या कलम १५ खाली गुन्हा ठरू शकते हे स्पष्ट केले. कोणाच्या गटावर असे काही आले तर संतापाने किंवा इतरांना सावध करण्यासाठीसुद्धा ते पुढे पाठवू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद संकेतस्थळावर नाव न देताही याची तक्रार करता येते. मुलाला कोणी छायाचित्राच्या धमकीने छळत असेल तर पालकांनी रागाने फोन फोडू नये आणि संदेश पुसू नयेत. तोच पुरावा आहे.

तसेच पीडित मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा, गल्ली, नातलगांची नावे यांपैकी काहीही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नये. प्रसारमाध्यमांत मुलाची ओळख उघड केल्यास कलम २३ खाली सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'न्याय मिळालाच पाहिजे' असे लिहून मुलीचा फोटो फिरवणारे लोक तिच्यावर दुसरा अन्याय करतात.

जुना_सरपंच

बाईंचे आणि वकीलसाहेबांचे उत्तर वाचले. पंचांसमोर बसवल्यानेच मुलीचे नाव गावभर होते, हे खरे आहे. आमच्या पंचायतीच्या पीडीओंशी (पंचायत विकास अधिकाऱ्यांशी) बोलून या वेळच्या मक्कळ ग्रामसभेआधी मोठ्यांची एक सभा घ्यावी असे मी सुचवणार आहे. अंगणवाडीच्या ताईंनी जो सराव सांगितला तो पुरुषांकडूनही करून घ्यावा, कारण घरात निर्णय तेच घेतात. मात्र एक अडचण आहे. तक्रार केल्यावर पालकांना बेळगावला खेटे घालावे लागतात, मजुरी बुडते, बसभाडे लागते, आणि पहिल्या महिन्यातच माणूस थकून माघार घेतो. याला काही उपाय आहे का?

कॅम्पातील_वकील

आहे, आणि तो फारसा कोणी मागत नाही. २०२० च्या नियमांनुसार बालकल्याण समिती मुलाच्या अन्न, वस्त्र, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी रक्कम देण्याची शिफारस करू शकते, आणि शिफारस मिळाल्यापासून एका आठवड्यात ती द्यायची असते. त्याशिवाय फिर्याद नोंदल्यानंतर विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकते. त्यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही. वकिलाची फी हाही अडथळा नाही, कारण विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय बेळगावच्या न्यायालयाच्या आवारातच आहे. अर्ज मराठीत लिहून आणलात तरी चालेल. कन्नडमध्ये करून देण्यासाठी आम्ही काही वकील आनंदाने वेळ देऊ. सभेची तारीख ठरली की इथे कळवा, दोन्ही अर्जांचे नमुने मी घेऊन येतो.

वखारीचा_रस्ता

सरपंचकाका, पुरुषांच्या सरावासाठी सभा संध्याकाळी सातनंतर ठेवा आणि देवळाच्या मंडपाऐवजी शाळेत ठेवा, म्हणजे सगळ्या वाड्यांवरचे लोक मोकळेपणाने येतील. निपाणीहून आम्ही दोघी-तिघी येऊ शकतो. शेवटची बस लवकर सुटते, तेवढी परतीची सोय बघावी.

जुना_सरपंच

ताई, गाडी पाठवतो. पीडीओंकडून तारीख मिळाली की लगेच कळवतो.